मोठी घरघर, बारीक टिकटिक

घरातला कॉम्प्युटर आठ-दहा वर्षांचा झाला की आवाज करू लागतो. मग कुणी "आता हा गेला" म्हणून नवा घ्यायला निघतं, तर कुणी "जुना आहे, करणारच" म्हणून तसाच चालू ठेवतं. स्वतःच्या, माहेरच्या आणि सांगलीतल्या आमच्या गल्लीतल्या बऱ्याच घरांच्या कॅबिनेटला कान लावल्यावर माझं मत ठाम झालं आहे. आवाज जितका मोठा, तितका धोका बहुधा कमी. घर दणाणून सोडणारी घरघर दोन-तीनशे रुपयांच्या पंख्याची निघते. त्याच पंख्याच्या आवाजात बुडून गेलेली बारीक टिकटिक मात्र मुलांच्या बारशापासूनचे सगळे फोटो घेऊन जाते. म्हणून ऐकायचं कसं, हे घरातल्या एका तरी माणसाला यायला हवं. दुकानात नेल्यावर तो आवाज पुष्कळदा येतच नाही, आणि आला तरी तिथल्या गडबडीत कुणाला ऐकू येत नाही.

१. आधी फायली बाहेर काढा.

आवाज कसला आहे हे शोधण्याआधी महत्त्वाचं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. कॅबिनेट हलवणं, आडवं करणं, झाकण काढणं हे त्यानंतर. आवाज डिस्कचा निघाला, तर तिच्यात किती दम उरला आहे हे कुणालाच माहीत नसतं, आणि तो दम शोधाशोधीत खर्च करायचा नसतो. क्रमही ठरलेला असू द्या. आधी फोटो, मग कागदपत्रं आणि हिशेब, मग बाकीचं. सिनेमे आणि गाणी सगळ्यात शेवटी.

पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम मला घरगुती वापरासाठीही योग्य वाटतो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. २००५ आणि २०१९ चा महापूर पाहिलेल्या सांगलीकरांना त्यातली तिसरी अट समजावून सांगावी लागत नाही.

मराठी माणसासाठी इथे आणखी एक गोष्ट आहे, आणि ती कुणी सांगत नाही. युनिकोड रुळण्याआधी आपण श्रीलिपी, आयएसएम, शिवाजी अशा फॉन्टमध्ये टाइप करत होतो. माझ्या मामांनी आमच्या गावच्या देवस्थानाचा इतिहास असाच टाइप करून ठेवला होता. अशा फायली डिस्कवरून सुखरूप उतरतात, पण नव्या मशीनवर उघडल्या की अक्षरांच्या जागी रोमन चिन्हांची भेळ दिसते. तेव्हा फॉन्टचा फोल्डरही सोबत घ्या. त्याहून चांगलं म्हणजे जुनं मशीन चालतंय तोवर त्याच मशीनवर त्या फायलींच्या पीडीएफ करून ठेवा. रूपांतराचं काम नंतर सावकाश करता येईल. मामांचा इतिहास आज वाचता येतो तो एवढ्यामुळेच.

२. आवाज कुठून येतो याआधी कधी येतो ते पाहा.

सकाळी चालू करताना मिनिटभर घरघर होते आणि मग विरते: पंख्याच्या बेअरिंगमधलं तेल सुकलं आहे. गरम झाल्यावर ते पातळ होतं आणि आवाज थांबतो. थंडीत ही तक्रार वाढते. उलट, सुरुवातीला शांत आणि अर्ध्या तासाने घों घों, त्यातही एप्रिल-मेच्या दुपारी जास्त: आत धूळ बसली आहे, उष्णता बाहेर पडत नाही आणि पंखा जीव तोडून पळतो आहे. फाइल उघडताना किंवा कॉपी करतानाच करकर येते आणि कॅबिनेटवरचा लाल दिवा तिच्या तालात लुकलुकतो: डिस्क. पडद्यावरचं पान वरखाली सरकवलं की बारीक चीं चीं: विजेच्या गुंडाळीचा आवाज, त्याबद्दल पुढे.

निदानाचा निम्मा भाग एवढ्यातच संपतो, आणि त्यासाठी एकही स्क्रू काढावा लागत नाही. कुणी मला फोन करून "कॉम्प्युटर आवाज करतोय" म्हणालं की मी आधी हेच विचारते: सतत येतो की तुटक? चालू केल्याकेल्या की नंतर? काम करताना वाढतो का?

३. प्रत्येक आवाज कॅबिनेटचा नसतो.

टेबलाखाली कॅबिनेट, यूपीएस, स्पीकर आणि एक्स्टेन्शन बोर्ड एकत्र दाटीने असतात, आणि आळ कायम कॅबिनेटवर येतो. दर काही सेकंदांनी "टीं" वाजणारा बहुतेक वेळा यूपीएस असतो. घरगुती यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी असते आणि ती साधारण दोन-तीन वर्षांत दमते. वीज असतानाही यूपीएस बोलू लागला, तर बॅटरी बदलायची वेळ झाली. त्याचाच दुसरा आवाज म्हणजे मध्येच येणारी जोरदार "खट". शेतीपंप सुरू होण्याच्या वेळेला आमच्याकडे व्होल्टेज खालीवर होतं, तेव्हा यूपीएसमधला रिले व्होल्टेज सावरण्यासाठी जागा बदलतो. त्यात बिघाड काही नाही, तो आपलं काम करतो आहे.

स्पीकरमधून येणारी सलग गुणगुण बऱ्याचदा अर्थिंगची तक्रार असते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर आवाज राहू द्या बाजूला, आधी वायरमनला बोलवा. फोन येण्याआधी स्पीकरमधून येणारी "टिडिक टिडिक" ही जुन्या टूजी फोनची. तो फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा लहरी सोडतो आणि स्पीकरची वायर त्या पकडते. फोरजी आल्यापासून हा आवाज बराच कमी झाला आहे. आणि स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चालताना गुणगुण वाढत असेल, तर छताचा पंखाही त्याच सुरात गुणगुणतोय का ते ऐका.

परीक्षा सोपी आहे. कॅबिनेट बंद करा, बाकी सगळं चालू ठेवा. आवाज चालूच राहिला तर कॅबिनेट निर्दोष.

४. कागदाची नळी.

१८१६ मध्ये पॅरिसमध्ये रने लाएनेक या डॉक्टरने कागदाची घट्ट गुंडाळी करून तिचं एक टोक रुग्णाच्या छातीला आणि दुसरं आपल्या कानाला लावलं. स्टेथोस्कोपचा जन्म तो. तीच गुंडाळी इथे उत्तम चालते. जाड कॅलेंडरचं पान गुंडाळा, एक टोक कानाशी धरा आणि दुसरं कॅबिनेटच्या झाकणावर, मागच्या जाळीजवळ, पुढच्या बाजूला असं फिरवा. नुसत्या कानाला आवाज सगळीकडून आल्यासारखा वाटतो, नळीतून तो एकाच जागी मोठा होतो.

गॅरेजमधले मेकॅनिक लांब स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून इंजिन ऐकतात. ती पद्धत चालू कॉम्प्युटरच्या आत कधीही वापरू नका. लोखंडी टोक मदरबोर्डवर टेकलं तर आवाजाबरोबर मशीनही थांबेल.

मोबाइलवर आवाजाचा आलेख दाखवणारी फुकट ॲप मिळतात, त्यांचाही उपयोग होतो. मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, म्हणून आलेखात १२० हर्ट्झच्या आसपास टोक दिसतं. ५,४०० फेऱ्यांची असेल तर ९० जवळ. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १,२०० फेऱ्या घेत असेल तर पात्यांचा सूर १४० हर्ट्झला लागतो. हा हिशेब कागदावर मांडून आपल्या मशीनशी जुळवताना मला आजही आनंद होतो.

५. घरघरीतली बहुतेक प्रकरणं पंख्यांची.

साध्या असेंबल केलेल्या मशीनमध्ये दोन-तीन पंखे तरी असतात: प्रोसेसरवर एक, वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या डब्यात एक, कॅबिनेटच्या मागे एक, आणि ग्राफिक कार्ड असेल तर त्याच्यावर एक. स्वस्त पंख्यांमध्ये बहुधा स्लीव्ह बेअरिंग असतं, म्हणजे पितळी नळीत फिरणारा दांडा आणि थोडं तेल. तेल आटलं की घरघर, दांडा झिजला की पातं डगमगतं आणि खरखर.

आधी प्लग काढा. यूपीएसचं बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. मग कॅबिनेटचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या आणि झाकण उघडा. पात्याला वायर घासत असेल तर ते लगेच दिसतं. "टर्र" आवाजाचं हे सगळ्यात साधं कारण, आणि प्लास्टिकच्या एका पट्टीने वायर बांधली की संपतं. मग प्रत्येक पंखा बोटाने हलकेच फिरवा. चांगला पंखा सुळकन फिरून हळूहळू थांबतो. आजारी पंखा अडखळतो, किंवा मधला भाग पुढेमागे हलतो.

प्रोसेसरच्या पंख्याखाली जो ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा असतो त्याकडे विशेष लक्ष द्या. पंखा वरून स्वच्छ दिसतो, आणि पंखा व ठोकळा यांच्यामध्ये धुळीचा सलग थर जमलेला असतो. हवा जायला वाटच नसते. पंखा उचलल्याशिवाय हा थर दिसत नाही, त्यामुळे वरवर ब्लोअर मारून दिलेलं मशीन पंधरा दिवसांत पुन्हा घों घों करतं. सफाई अंगणात किंवा गच्चीत करा, नाकातोंडाला रुमाल बांधून. मऊ ब्रशने धूळ सुटी करा, मग ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने अडवून धरा. त्या वाऱ्याने पंखा नेहमीपेक्षा कितीतरी जोरात फिरतो आणि उरलंसुरलं बेअरिंग जातं.

धूळ काढल्याने आवाज इतका का उतरतो? पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो. उलट बाजूनेही हेच खरं. हवेला वाट मिळाली, प्रोसेसर थंड राहिला, मदरबोर्डने पंख्याचा वेग कमी केला, की खोली एकदम शांत होते. नवं काही विकत आणावं लागत नाही.

इंटेलच्या पेटीतल्या पंख्याला चार काळे प्लास्टिकचे खिळे असतात. त्यातला एखादा सैल झाला की ठोकळा प्रोसेसरवरून किंचित उचलला जातो, मशीन तापतं आणि पंखा ओरडतो. चारही खिळे बोटाने तपासा. पंखा काढलाच, तर मधली जुनी सुकलेली थर्मल पेस्ट पुसून तांदळाच्या दोन दाण्यांएवढी नवी लावा. काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून बंद करा, म्हणजे पेस्ट मऊ होते, आणि सरळ वर न ओढता हळूच डावी-उजवीकडे पिळत उचला. एएमडीच्या जुन्या प्रोसेसरला खाली पिना असतात. पेस्ट घट्ट बसली असेल तर पंख्याबरोबर प्रोसेसरही उपटून येतो आणि पिना वाकतात.

तेलाबद्दल लोक विचारतात. स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला की पंखा गप्प होतो, हे खरं आहे. तो काही आठवडे-महिने गप्प राहतो आणि मग जास्त जोराने सुरू होतो. नवा पंखा हाती येईपर्यंतची सोय म्हणून ठीक. खोबरेल तेल तर घालूच नका, थंडीत ते थिजतं. नवा आणताना जुना सोबत न्या. ८०, ९२ की १२० मिलिमीटर, तीन पिना की चार, एवढं जुळलं पाहिजे.

कॅबिनेटच्या मागच्या रिकाम्या खाचांवरच्या पट्ट्या गायब असतील तर त्या बसवून घ्या. त्या फटीतून पाल आत जाते. असा "खट्-खट्" आवाज मी ऐकला आहे, आणि झाकण उघडल्यावर दिसलेलं पुन्हा पाहायची इच्छा नाही.

६. लाटेसारखा चढत-उतरत येणारा आवाज.

"ऊंऽऽ… ऊंऽऽ… ऊंऽऽ" असा संथ डोलणारा आवाज आला की माणसं घाबरतात, कारण तो जिवंत वाटतो. मिरज आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या सतारमेकरांच्या दुकानात तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जुळवताना जे ऐकू येतं तेच हे. दोन तारा जवळजवळ एका सुरात आल्या, पण पूर्ण मिळाल्या नाहीत, की आवाज डोलतो. जितका फरक कमी, तितका डोल संथ. कॅबिनेटमधले दोन पंखे, किंवा एक पंखा आणि डिस्क, असेच जवळजवळ सारख्या वेगाने फिरत असतात. चालू मशीनच्या झाकणावर तळहात दाबून धरा. डोल थांबला किंवा बदलला, तर पत्रा त्या सुराला साथ देतो आहे. झाकणाचे स्क्रू आवळा, डिस्कचे चारही स्क्रू लागलेत का पाहा, कॅबिनेटच्या पायांखाली रबराचे तुकडे ठेवा. पुष्कळ दुकानदार डिस्कला दोनच स्क्रू लावतात. उरलेले दोन लावले की निम्मी तक्रार मिटते.

७. डिस्कचा आवाज आला की घाई करा.

यापुढचं सगळं सावकाश वाचा, कारण खरं नुकसान होतं ते इथे.

फिरणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या असतात आणि त्यांच्यावर काही नॅनोमीटर उंचीवर वाचणारं डोकं तरंगत असतं. माणसाचा केस या अंतराच्या हजारो पट जाड. तेव्हा आत काय चाललंय याचा अंदाज बाहेरच्या आवाजावरून घेणं हे फार मोलाचं कौशल्य आहे. निरोगी डिस्क चालू होताना चढती "ऊंऽ" करते, मग सौम्य गुणगुण, आणि काम करताना हलकी करकर. ही करकर जुन्या डिस्कमध्ये जास्त असते. मशीन जुनं असेल तर ती तुमच्या कानाला ओळखीची असते, आणि तेच महत्त्वाचं. तुमच्या डिस्कचा रोजचा आवाज तुम्हाला माहीत हवा.

धोक्याचे आवाज तीन. पहिला, ठरावीक अंतराने येणारी "टक… टक… टक". डोकं आपली जागा शोधायला जातं, खुणा सापडत नाहीत, परत येतं, पुन्हा जातं. दुसरा, धातू घासल्याची किर्र. डोकं तबकडीला टेकलं आहे, आणि प्रत्येक फेरीला तुमची माहिती खरवडली जाते आहे. तिसरा, फिरायला सुरुवात करून थांबणं आणि पुन्हा सुरुवात करणं.

दुसरा आवाज ऐकला की त्याच क्षणी वीज तोडा. शटडाउनची वाट पाहू नका. पुन्हा चालू करून "बघू तरी" हा मोह आवरा. त्या डिस्कमधलं काही अमूल्य असेल तर पुढचं काम धूळमुक्त खोली असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्यांचं. घरी डिस्क उघडू नका. फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला देणारे अजून भेटतात. बाहेर काढल्यावर तबकडीवर दंव धरतं आणि उरलेली आशाही जाते.

टकटकीच्या बाबतीत एक दिलासाही आहे, आणि तो तपासून पाहण्यासारखा आहे. बाहेरून जोडायची छोटी डिस्क पुढच्या यूएसबी पोर्टला लावली की कधीकधी टकटकते, कारण तिला पुरेशी वीज मिळत नाही. जुन्या यूएसबी २ पोर्टची मर्यादा ५०० मिलिअँपिअर असते, आणि डिस्कला फिरायला सुरुवात करताना त्याहून जास्त लागू शकते. कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला, दुसऱ्या आखूड केबलने लावून बघा. थकलेल्या एसएमपीएसमुळे आतली डिस्कही अशीच वागते. माझ्या शेजारच्या काकूंची "गेलेली" डिस्क नव्या केबलने व्यवस्थित चालू झाली आणि आम्ही त्याच बैठकीत सगळं उतरवून घेतलं.

आवाजाबरोबर डिस्कची स्वतःची नोंदही वाचा. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम ती दाखवतो. त्यात रीअलोकेटेड सेक्टर्स, करंट पेंडिंग सेक्टर्स आणि अनकरेक्टेबल सेक्टर्स या तीन ओळी बघा. तिन्ही शून्य असाव्यात. सीआरसी एररचा आकडा मोठा असेल तर दोष बहुधा केबलचा. पण ही नोंद स्वच्छ आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक आढळलेल्या डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता ३९ पट जास्त होती. त्याच अभ्यासात असंही दिसलं की बंद पडलेल्या निम्म्याहून जास्त डिस्कनी महत्त्वाच्या चार नोंदींपैकी एकाही नोंदीत आधी काही दाखवलं नव्हतं. म्हणून आकडे वाईट असतील तर त्यांच्यावर विश्वास ठेवा, आणि आकडे चांगले असून कानाला टकटक ऐकू येत असेल तर कानावर.

हळू झालेल्या, मध्येच अडकणाऱ्या डिस्कवरून साध्या कॉपी-पेस्टने उतरवायला गेलात तर ती एका खराब जागेवर तासन्‌तास डोकं आपटत बसते. लिनक्समधला जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम आधी चांगला भाग भराभर उचलतो आणि खराब जागांकडे नंतर वळतो. मरणाऱ्या डिस्कशी वागायची हीच रीत. आणि "एकदा फॉरमॅट मारून बघू" असं कुणी म्हणालं, तर त्याच्या हातातून माउस काढून घ्या.

८. डिस्क ऐकतेसुद्धा.

आवाज आणि डिस्क यांचं नातं दुहेरी आहे. २००८ च्या अखेरीस ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने सर्व्हरच्या डिस्कसमोर जोरात ओरडून त्यांचा वेग मंदावतो हे व्हिडिओत दाखवलं. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी लिहिलं की जॅनेट जॅक्सनचं 'रिदम नेशन' हे गाणं लागलं की काही जुने लॅपटॉप बंद पडत, कारण त्यातला एक सूर ५,४०० फेऱ्यांच्या काही डिस्कच्या नैसर्गिक कंपनाशी जुळत होता. घरी याचा अर्थ एवढाच घ्यायचा: सबवूफर कॅबिनेटला चिकटून किंवा त्याच्या डोक्यावर ठेवू नका.

९. बीप मोजा.

पडदा काळा, आणि आतून बीप. चालू होताना एकच आखूड बीप म्हणजे सगळं ठीक. जुन्या अवॉर्ड बायॉसमध्ये एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्ड, सतत लांब बीप म्हणजे बहुधा रॅम. एएमआय बायॉसची भाषा वेगळी, म्हणून मदरबोर्डची पुस्तिका जपून ठेवा. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसून, कण झटकून, पुन्हा "टक्" होईपर्यंत बसवणं हा उपाय आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे आणि पावसाळ्यानंतर तो खरोखर लागू पडतो.

१०. एसएमपीएसची तडतड.

तडतड, फुसफुस, आणि जळका किंवा माशासारखा वास. यातलं काहीही आलं की प्लग काढा. एसएमपीएसचा डबा उघडू नका. २३० व्होल्टची वीज आत सुमारे ३२५ व्होल्ट होऊन कपॅसिटरमध्ये साठते, आणि प्लग काढल्यावरही काही काळ तिथेच राहते. पंखा बदलण्यासाठीसुद्धा नको. डबाच बदला, आणि बदलताना नाव नसलेला स्वस्त डबा घेऊ नका. मशीनमधल्या सगळ्या भागांना वीज तोच देतो, आणि जाताना कुणाला तरी घेऊन जातो.

मदरबोर्डवरचे कपॅसिटर मात्र झाकण उघडल्यावर नुसते बघता येतात. त्यांचा माथा सपाट हवा. फुगलेला असेल, वर तपकिरी डाग असेल, तर मशीन मध्येच बंद का पडतं याचं उत्तर मिळालं. २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या बोर्डांमध्ये सदोष कपॅसिटर फार आले होते. तसा बोर्ड अजून कुणाकडे चालत असेल तर जरूर बघा.

११. चीं चीं करणाऱ्या गुंडाळीला घाबरू नका.

मदरबोर्ड, ग्राफिक कार्ड आणि एसएमपीएसमध्ये तारेच्या गुंडाळ्या असतात. त्यांतून वीज वेगाने चालू-बंद होते तेव्हा त्या सूक्ष्म थरथरतात. मुलांना हा आवाज ऐकू येतो आणि आजोबांना येत नाही, असं होतं, कारण वयाबरोबर बारीक सूर कानातून निसटतात. मुलं म्हणत असतील तर खरं माना. त्रासदायक आहे, धोका नाही. खेळात चित्रांचा वेग सेकंदाला ६० वर बांधून दिला तर पुष्कळदा थांबतो.

डीव्हीडी ड्राइव्हमधून चालू करताना येणारी जोरदार घूंऽ याच वर्गातली. आत कुणीतरी विसरलेली सीडी असते. काढून घ्या.

१२. एसएसडी गप्प राहते, शेवटपर्यंत.

जुन्या मशीनला दुसरं आयुष्य द्यायचा सगळ्यात चांगला खर्च म्हणजे विंडोज एसएसडीवर घेणं. हलणारा एकही भाग नसल्याने खोली शांत होते आणि मशीन पळू लागतं. मी सगळ्यांना हेच सुचवते. पण त्याबरोबर धोक्याची एक सूचनाही गेली, हे लक्षात ठेवा. फिरणारी डिस्क जाण्याआधी बऱ्याचदा काही बोलते. एसएसडी काल चालू असते आणि आज दिसतच नाही. म्हणून एसएसडी बसवलेल्या घरात बॅकअपची तारीख कॅलेंडरवर लिहायची, गॅसच्या नंबरासारखी, ठरवून. काढलेली जुनी डिस्क चांगली असेल तर दुसरी प्रत ठेवायला वापरा, एकमेव प्रत ठेवायला नको.

१३. दुकानात न्यायचंच असेल तर.

आवाज येत असताना मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या, कॅबिनेटच्या मागे आणि पुढे, दोन्हीकडे मिनिटभर. कधी येतो ते कागदावर लिहून झाकणावर चिकटवा. बदललेला भाग परत मागा. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर गेलात तरी हे तिन्ही करा. तिथले चांगले कारागीर याने चिडत नाहीत, उलट त्यांचा वेळ वाचतो. आणि डिस्कबद्दल जरा जरी शंका असेल, तर ती काढून घरी ठेवा आणि उरलेलं मशीन द्या. पंखा, रॅम, एसएमपीएस यांचं काम डिस्कशिवाय होतं, आणि दुकानात कुणी सवयीने फॉरमॅट मारायला बसलं तरी तुमचे फोटो तिथे नसतील.